अकरा हात

"हस आता," टिपणीस सर ओरडले.

मी मेलेलो होतो. फलटणपासून थोडं बाहेर, कालव्याच्या कडेला, उसाच्या दोन फडांमधल्या बांधावर एका लिंबाखाली मला झोपवलं होतं. अंगात हिरवा गणवेश, छातीत गोळी आणि गोळीभोवती रक्त. रक्त म्हणजे काकवीत कालवलेला लाल रंग. मी डोळे उघडले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसलो. मग सर "कट" म्हणाले.

"ह्ये काय?" कॅमेऱ्यामागून आवाज आला. "मेलेला मानूस हसला कशापायी?"

विचारणारे नागदेव कापसे. सगळं युनिट त्यांना आप्पा म्हणायचं. सिनेमा त्यांच्यावरच होता.

"रीत आहे आप्पा," टिपणीस सर म्हणाले. "मेल्याचा शॉट झाला की नटानं हसून मगच उठायचं. नाहीतर ते मरण त्याच्या अंगाला चिकटतं म्हणतात. हसू आम्ही नंतर कापून टाकतो."

"आसं," आप्पा म्हणाले. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. काकवीला मुंग्या लागल्या होत्या. ते वाकले आणि माझ्या छातीवरच्या मुंग्या एकेक करून फुंकरीनं उडवू लागले. एकही चिरडू दिली नाही. मी झटकायला हात उचलला तर हात धरला.

"पन त्यो हितं न्हवता," फुंकर घालता घालता ते म्हणाले.

"कोण?" सरांनी विचारलं.

"हणमा. मी परत आलो तवा त्यो हितं न्हवता. लिंबाखाली ठिवला हुता, ते बरूबर. घावला तिकडं." त्यांनी बांधावर पुढे बोट केलं. "आन गोळी छातीत न्हवती पहिली. गुडघ्यात हुती."

सर हसले. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. "गुडघ्यातल्या गोळीनं कोण मरतं आप्पा? लोक विचारतील ना."

आप्पांनी पुढची मुंगी फुंकली.

"आणि लिंब फ्रेममध्ये हवाय मला."

"मंग ती रायफल तरी ठिवा. सुभेदाराची. तिकडं पडल्याली हुती, आनखी म्होरं."

"अहो, तीच तर आपल्या सिनेमाची गंमत आहे! तुम्ही आणि बंदूक एका फ्रेममध्ये येतच नाही. शेवटपर्यंत."

आप्पांनी मान हलवली आणि बाजूला झाले. मला उठवून गणवेश बदलायला पाठवलं. त्या दिवशी माझ्या मनात एवढंच आलं, की म्हातारा माझा सीन खातोय.

आजवर पडद्यावर मी एकतीस वेळा मेलोय. गुंड म्हणून, हवालदार म्हणून, एकदा बोहल्यावरचा नवरदेव म्हणून. लोक रस्त्यात ओळखतात, नाव मात्र कुणाला आठवत नाही. त्याचं आता काही वाटतही नाही. ही गोष्ट माझ्या तिसऱ्या मरणाची, एकोणीस वर्षांपूर्वीची. पहिल्या दोन मरणांत मी गर्दीत होतो. या वेळी भूमिकेला नाव होतं, हणमंत चोपडे, आणि वाक्य होतं. मी कराडचा, नाटकांत पडदे ओढून ओढून इथवर आलेला. एका वाक्यासाठी मी त्या वर्षी काहीही केलं असतं, आणि केलंही.

आप्पांची हकिगत अशी होती. घर महानुभाव पंथाचं. पंथाचा उपदेश घेतलेला माणूस जीव मारत नाही, पाणीसुद्धा गाळल्याशिवाय पीत नाही. आप्पा तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. घरी ओढगस्त होती म्हणून पलटणीत भरती झाले, ते पलटणीच्या बँडमध्ये. बंदूक हातात घ्यायला नकार दिला. शिक्षा झाल्या, उन्हात उभं केलं, तीन महिने संडास धुवायला लावले, तरी घेतली नाही. शेवटी बँडमास्तरनं सांभाळून घेतलं. लढाई लागली की बँडवाल्यांकडे वाद्यं नसतात, स्ट्रेचर असतं. पासष्टच्या लढाईत, पंजाबातल्या उसाच्या रानांतून, आप्पांनी जखमी माणसं वाहून आणली. त्यांच्या स्ट्रेचरचं दुसरं टोक धरणारा हणमंत, बँडमधला मोठा ढोल वाजवणारा, शेजारच्याच गावचा. एक जखमी सुभेदार नेताना हणमंतला गोळी लागली. एकट्यानं स्ट्रेचर उचलता येईना. हणमंत म्हणाला, "जा, नागू." आप्पा सुभेदाराला पाठीवर घेऊन गेले. परत आले तोवर हणमंत संपला होता.

ते "जा, नागू" माझं वाक्य. टिपणीस सरांना ते हणमंतच्या बायकोनं, तानूबाईनं सांगितलं होतं. तिला लढाईनंतर आप्पांनी घरी जाऊन सांगितलेलं.

हणमंत मेलेला सापडतो तो सीन आधी झाला आणि मरण्याचा दुसऱ्या दिवशी ठेवला होता. सिनेमात असंच असतं, उजेड आणि जागा मिळेल तसं मरायचं. त्या दुसऱ्या दिवशी तानूबाई शूटिंग बघायला येणार होत्या. सरांनीच गाडी पाठवायची ठरवली होती. वर्तमानपत्राचा एक फोटोवालाही बोलावला होता.

पण करारात एक कलम होतं. लढाईतला कोणताही प्रसंग आप्पांच्या होकाराशिवाय घ्यायचा नाही. आणि आज ते "हितं न्हवता, तिकडं हुता" म्हणाले होते. त्यांनी उद्या नकार दिला असता तर माझं वाक्य गेलं असतं.

म्हणून पाच वाजता काम थांबल्यावर मी त्यांना शोधत गेलो.

बंदुकांच्या ताडपत्रीपाशी उस्मानभाई बसले होते. सिनेमाला बंदुका पुरवणारे. काही लाकडी, काही जुन्या, नळी बुजवलेल्या. "आप्पा कुठे गेले?" मी विचारलं.

"कालव्याकडे. रोज बघतो मी, माझ्या ताडपत्रीला केवढा वळसा घालून जातात. लाकडाची आहे म्हटलं, तरी नाही." उस्मानभाई हसले. "असा माणूस बघितला नाही बुवा."

आप्पा कालव्याच्या पायरीवर बसले होते. तांब्याच्या तोंडावर चौपदरी फडकं धरून पाणी गाळत होते. तांब्या भरल्यावर त्यांनी ते फडकं उलटं करून कालव्याच्याच पाण्यात हलक्या हातानं खळबळलं, म्हणजे त्यात अडकलेले जीव पुन्हा पाण्यात जावेत. मी बाजूला बसलो.

"ये हणमा," ते म्हणाले. गणवेश चढवल्या दिवसापासून ते मला हणमाच म्हणत. मी एकदा "माझं नाव किरण थोरवडे" असं सांगून बघितलं होतं.

"आप्पा, उद्याच्या सीनला तुमची हरकत नाही ना?" मी थेट विचारलं. लाज वगैरे तेव्हा नव्हतीच.

"का रं?"

"माझं एकच वाक्य आहे सिनेमात. तुम्ही नाही म्हणालात तर ते जाईल. मग मी नुसता मेलेला उरतो."

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तांब्यातलं पाणी थोडं प्यायले.

"काय वाक्य हाय?"

"जा, नागू."

"म्हन बरं."

मी म्हटलं. जरा धाप लावून, नाटकात शिकवलं होतं तसं.

"एवढंच हाय?"

"एवढंच."

"ते आर्धं हाय," आप्पा म्हणाले.

कालव्याच्या पलीकडे फडात ऊसतोड सुरू झाली होती. कोयत्याचे आवाज येत होते. आप्पा त्या आवाजांकडे कान देऊन बसले. मला वाटलं, विसरले.

"त्यो म्हनला, जा नागू. पन जाता जाता ती रायफल माझ्याकडं सरकव." त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका सपाट होता. "सुभेदाराची रायफल. बांधावर पडली हुती. चौदा हात. त्येला उठता येत न्हवतं. म्हनला, आले तर निदान..."

"मग?"

"मंग काय."

"सरकवलीत?"

त्यांनी फडकं पिळलं, मांडीवर पसरलं, घडी घातली.

"न्हाई. तुला उचलाया न्हाई सांगत, म्हनला. पायानं ढकल नुसती. मी म्हनलो, हात जोडतो हणमा, त्येवढं नगं सांगूस. मी पाच मिंटांत आलो बग. आन सुभेदार पाठीवर घ्येतला."

"पाच मिनिटांत आलात?"

"तीन तास लागलं. मधी गोळ्या चालल्या हुत्या. आलो तवा ऊस आडवा झालेला, त्यांची मानसं त्याच वाटंनं गेल्याली. हणमाच्या छातीत दोन गोळ्या हुत्या. त्या नंतरच्या."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "रायफल असती तरी एकटा माणूस काय करणार होता, आप्पा?"

"कुनाला ठावं," आप्पा म्हणाले. "वाचला असता, न्हाई वाचला असता. दोनचार त्यांची मेली असती. चाळीस वर्सं हिशेब घालतोय, लागत न्हाई." मग माझ्याकडे वळले. "तानूवहिनीला मी आर्धंच सांगितलं. त्या टायमाला सात म्हैन्यांची हुती ती. म्हनलं, त्यो हसत म्हनला, जा. तिनं तेच धरलं. आता तुमी ते सगळ्या म्हाराष्ट्राला दावनार."

"सरांना सांगा ना. ते बदलतील."

"ते चर्चा करतील. माझ्या तोंडावर धा जन बसतील." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता, पाण्यातला. "तू म्हन. उद्या वहिनी समोर आसंल. सगळं म्हन, आर्धं नगं. मी मान हलवतो तुज्या शीनला. माझ्या तोंडातनं ते निगत न्हाई रं, लई येळा तिच्या दारापतूर जाऊन आलो."

"म्हणेन," मी म्हणालो.

"वचान?"

"वचन."

ते उठले, माझ्यापुढे हात जोडून "दंडवत" म्हणाले. पंथातली माणसं नमस्काराला तसं म्हणतात. मला फार हलकं वाटलं. माझं वाक्य वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तानूबाई आल्या. साठीच्या, काटक, नऊवारी, कपाळ मोकळं. मुलगा गाडीतून उतरवून कारखान्यावर कामाला निघून गेला. येताना त्यांनी सगळ्या युनिटला पुरतील इतक्या शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या होत्या. त्यांनी मला गणवेशात पाहिलं, जवळ येऊन कॉलर सरळ केली.

"त्यो तुज्यापेक्षा रुंद हुता," त्या म्हणाल्या. "ढोल असा एका हातानं उचलायचा."

त्यांना कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची दिली. आप्पा खुर्चीवर बसले नाहीत, त्यांच्या शेजारी उभे राहिले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी सरांकडे पाहून मान हलवली.

मग टिपणीस सर माझ्यापाशी आले. मी लिंबाखाली आडवा होतो, रंगभूषावाला छातीवर काकवी ओतत होता.

"थोरवडे, नीट ऐक. हिरो दोन वाजता पुण्याला निघतोय. ऊन डोक्यावर येतंय. रीळ मोजकं आहे. एकच टेक. शब्द इकडचा तिकडे झाला तर मी तुझ्या चेहऱ्याचा क्लोज काढून टाकीन आणि तुझी पाठ दाखवीन. कळलं?"

"कळलं सर."

हे मी नंतर स्वतःला खूप वेळा कारण म्हणून सांगून बघितलं. कारण म्हणून ते वाईट नाही. पण खरं सांगायचं तर सरांनी दम दिला नसता तरीही मी घाबरलोच असतो. कॅमेरा तोंडापासून दोन हातांवर होता. आयुष्यात पहिल्यांदा.

आप्पांचं काम करणाऱ्या हिरोनं सुभेदाराला पाठीवर घेतलं, माझ्याजवळ गुडघ्यावर बसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी पाळी आली.

"जा, नागू," मी म्हणालो.

पुढचं सगळं वाक्य तोंडात तयार होतं. पण, जाता जाता, ती रायफल. मी ते गिळलं. हिरो उठला आणि उसात गेला. कॅमेरा माझ्यावर राहिला. मी आभाळाकडे बघितलं, लिंबाची पानं मोजली, ठरल्याप्रमाणे सातव्या पानाला डोळे मिटले.

छान झालं असावं. कारण कोणी खोकलंसुद्धा नाही. मुंग्या मानेवर आल्या होत्या. मी "हस" या शब्दाची वाट बघत पडून राहिलो.

तो शब्द आला नाही. त्याऐवजी लांबून उस्मानभाईंचा आवाज आला, "आप्पा, थांबा, काय पाहिजे? मी देतो ना!"

मी एक डोळा किलकिला केला.

आप्पा ताडपत्रीवर उभे होते. वळसा न घालता सरळ गेले होते. खाली वाकून त्यांनी एक रायफल उचलली. लाकडाची होती की खरी, ते मला आजही माहीत नाही. नळीला धरून, कुऱ्हाड आणावी तशी ती घेऊन ते कॅमेऱ्यासमोरून चालत आले.

"फोटो नको! कोणी फोटो काढू नका!" टिपणीस सर किंचाळले. ज्या माणसानं जन्मात बंदुकीला हात लावला नाही त्याचा सिनेमा, आणि फोटोवाला दहा पावलांवर. "कॅमेरा बंद करा! आप्पा, अहो काय करताय?"

आप्पा माझ्यापाशी आले. रायफल माझ्या उजव्या हाताजवळ ठेवली आणि पायानं आणखी थोडी माझ्याकडे सरकवली.

"घे, हणमा," ते म्हणाले.

मी उठायला हवं होतं, की मेलेलंच राहायला हवं होतं? मला काही कळेना. मी हात पुढे करून ती धरली.

तानूबाई खुर्चीतून उठून आल्या होत्या.

"भावजी, ह्ये काय?"

"वहिनी, त्यो जा म्हनला, ते खरं हाय," आप्पा म्हणाले. "पन म्होरं आनखी म्हनला हुता. जाता जाता ती रायफल माझ्याकडं सरकव. म्या सरकवली न्हाई. उपदेश घेतल्याला म्हनून. पायानंसुदिक न्हाई."

मागे जनरेटर चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"कुटं हुती रायफल?" तानूबाईंनी विचारलं.

"त्याच्यापासनं चौदा हातांवर."

"आन त्यो कुटं घावला?"

आप्पांना हा प्रश्न अपेक्षित नसावा. "रायफलीपासनं तीन हातांवर. पालथा. हात म्होरं क्येल्याला."

तानूबाईंनी पदर खोचला. त्या माझ्या कमरेपाशी खाली बसल्या आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा हात जमिनीवर टेकवून बांधावर पुढे मोजत निघाल्या. एक. दोन. तीन. वाळलेलं पाचट होतं, ढेकळं होती, त्या गुडघ्यांवर सरकत होत्या. टिपणीस सरांनी एकदा पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. सहा. सात. नऊला त्यांना दम लागला, थांबल्या, पुन्हा हात टेकला. मी मान वळवून बघत होतो. मोजणी ऐकताना मला मी गिळलेल्या वाक्याची लाज वाटली, चांगलीच वाटली. ती अजून गेलेली नाही.

"अकरा," त्या म्हणाल्या आणि तिथेच बसल्या. "हितवर आला?"

"हितवर."

"गुडघा फुटल्याला?"

"व्हय."

"गुडघा फुटल्याला मानूस अकरा हात आला." त्यांनी बसल्या जागेची माती हातानं सारखी केली. "आन मला चाळीस वर्सं वाटतंय, त्यानं आपनहून सोडलं. सगळ्यांसमोर मोटा झाला, जा म्हनला. म्हनलं, माझं पोटातलं ल्येकरू त्येला आठवलं न्हाई व्हय? दोस्ताला जा म्हनला, आन मला? भावजी, फोटोला रोज हार घालत्ये मी, पन मनातनं त्याच्याशी बोलत न्हाई. यकदाबी बोललेली न्हाई."

आप्पा बांधावर त्यांच्यासमोर खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्येला घरी यायचं हुतं," तानूबाई म्हणाल्या.

"वहिनी, काय ते म्हना मला. म्या रायफल..."

"रायफलीचं मी काय म्हनू? त्ये तुमचं तुमी आन तुमचा देव. मला काय कळतंय त्यातलं." मग त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पन ह्ये अकरा हात तुमी माज्यापासनं दडवून ठिवलं, भावजी. चाळीस वर्सं. ह्ये माझं हुतं."

आप्पांनी मान खाली घातली.

पुढचं थोडक्यात सांगतो. फोटोवाल्यानं फोटो काढला नव्हता, किंवा काढूनही छापला नाही. आप्पांनी होकार मागे घेतला नाही, कारण कुणी त्यांना परत विचारलंच नाही. सिनेमात "जा, नागू" आहे. लोक त्याला रडले, दोन बक्षिसं मिळाली, आणि त्या एका क्लोजवर मला पुढची वर्षानुवर्षं मरायची कामं मिळत गेली. बंदूक कुठल्याच फ्रेममध्ये नाही. आप्पा प्रदर्शनाला आले नाहीत. नंतर दीड वर्षात गेले, असं उस्मानभाईंकडून कळलं. तानूबाई सिनेमा बघायला गेल्या का, मी कधी चौकशी केली नाही.

पण त्या दुपारी मी अजून लिंबाखालीच पडलेलो होतो. रायफल हातात, मुंग्या गळ्यापर्यंत. टिपणीस सर मला विसरले होते. तानूबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि गाडीकडे निघाल्या. माझ्यापाशी आल्यावर थांबल्या.

"ह्यो पोरगा अजून का पडलाय?"

"हसल्याबिगर उठायचं नसतंय त्येंच्यात," मागून आप्पा म्हणाले. "न्हाईतर मरान चिकटतंय म्हनं."

तानूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग वाकून माझ्या हातातली रायफल काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"मंग हास की, बाबा," त्या म्हणाल्या. "तुजी आय वाट बगत आसंल."

कॅमेरा बंद होता. मी त्यांच्याकडे बघून हसलो.